रुमालाखालचं उत्तर

“मॅडम, विचारलं त्यांना. हो म्हणाले.”

डॉ. कुलथ्यांनी आयसीयूच्या दारातच मला गाठलं. मी हात धुऊन अ‍ॅप्रन घालत होते.

“कशाला हो म्हणाले?”

“मशीन काढायला.”

“तोंडात नळी असलेला माणूस हो म्हणतो कसा?”

“डोळ्यांनी. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही, असं आधी समजावलं. मग विचारलं. एकदा मिटले. अगदी स्पष्ट. आणि मी एकट्याने नाही विचारलं, सगळ्यांसमोर विचारलं. बायको होती, मोठे भाऊ होते, सिस्टर होत्या. नंतर कुणी शंका घ्यायला नको.”

डॉक्टर मनाने चांगले. वय लहान, पण काम चोख. मला मात्र ते पटलं नाही, आणि तसं चेहऱ्यावर दिसलं असणार. माझं तोंड फटकळ आहे, हे आख्ख्या हॉस्पिटलला माहीत आहे.

मी फिजिओथेरपिस्ट. नगरमध्ये बरीच वर्षं काम करते आहे. लोकांना वाटतं, फिजिओ म्हणजे गुडघे वाकवणारी बाई. पण आयसीयूतलं आमचं मुख्य काम छातीचं. मशीनवरच्या माणसाला खोकता येत नाही. छातीत कफ साठतो. तो थापट्या मारून, कुशीवर वळवून सैल करायचा आणि बारीक नळीने ओढून काढायचा. याला सक्शन म्हणतात. रुग्णाला ते अजिबात आवडत नाही. आम्हालाही आवडत नाही, पण त्यावाचून भागत नाही.

मुनीरभाई घोडेगावचे. जनावरांच्या बाजारातले जुने दलाल. आजार मोटर न्यूरॉन डिसीज. सोप्या भाषेत सांगायचं तर मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या तारा एकेक करून बंद पडत जातात. आधी पाय गेले, मग डावा हात, मग बोलणं. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं. ऐकू येतं, कळतं, आठवतं. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. मुनीरभाईंचे थकले, तेव्हा त्यांना धावपळ करून आमच्याकडे आणलं आणि तोंडातून नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतलं.

तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. पुढे दोनच वाटा. एक, गळ्याला छोटं भोक पाडून तिथून नळी घालायची आणि घरी लहान मशीन घेऊन जायचं. आजार बरा होत नाही, पण माणूस जगतो. दुसरी, गुंगीचं औषध देऊन मशीन काढायचं. मग माणूस जातो.

आपल्या देशात सुई देऊन मरण देता येत नाही. पण बरं होण्याची आशा नसेल, तर कोर्टाने घालून दिलेल्या नियमांप्रमाणे मशीन काढता येतं. डॉक्टरांची मंडळं बसतात, संमती लागते. कुलथ्यांनी ते सगळं व्यवस्थित सुरू केलं होतं. मंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी होती.

“तुमचा चेहरा का पडला?” कुलथे म्हणाले. “त्यांचीच इच्छा आहे. आजारी पडल्यापासून घरात सांगत होते म्हणे, मला मशिनीवर ठेवू नका. बाहेर काही देशांत तर याच्या पुढचा कायदा आहे. माणसाला निवडीचा हक्क आहे, मॅडम.”

“त्या देशांतल्या अपंगांच्या संघटना त्या कायद्याच्या विरोधात रस्त्यावर येतात, तेही वाचा कधीतरी.”

“का पण?”

“कारण धडधाकट तरुण पोरगा म्हणाला, मला मरायचंय, तर त्याला समुपदेशन मिळतं. व्हीलचेअरवरचा माणूस तेच म्हणाला, तर लोक म्हणतात, बरोबर आहे त्याचं. त्याला उचलायला घरात माणूस नाही, गावात रॅम्प नाही, आणि आपण म्हणायचं त्याने निवड केली!”

कुलथ्यांची नजर नकळत माझ्या डाव्या पायावर गेली. मला लहानपणी पोलिओ झाला. त्या पायात आधाराचा लोखंडी कॅलिपर आहे. चालताना खट् खट् आवाज येतो.

“तुम्ही हे पर्सनली घेताय,” ते हळूच म्हणाले.

घेत होतेच. मी पाळण्यात असताना आमच्या एका आत्याबाई माझ्या आईला म्हणाल्या होत्या, देवाने नेली असती तर सुटली असती बिचारी. आईने त्यांना चहासुद्धा न देता वाटेला लावलं. पण डॉक्टरांचं बोलणं मला लागलं, कारण त्यात तथ्य होतं. मशीन काढू नये असं माझं सरसकट म्हणणं नाही. मरणाच्या दारात ताटकळणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना उगाच खिळवून ठेवणं हेही पापच. मग मुनीरभाईंना खरंच जायचं असेल तर? मी कोण त्यांना अडवणारी?

असल्या विचारात मी त्यांच्या कॉटपाशी गेले. मुनीरभाई छताकडे बघत होते. दाढी वाढलेली, गाल बसलेले. “भाईजान, सलाम,” मी म्हटलं. “चला, थापट्या खायची वेळ झाली.” एरवी या वाक्याला त्यांच्या डोळ्यांत किंचित हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही.

छातीचं काम झालं. मग हात. त्यांच्या उजव्या हाताची बोटं तेवढी अजून चालत होती. एसीमुळे थंडी होती म्हणून चादर तशीच ठेवून मी आत हात घातला आणि त्यांची बोटं हलवायला लागले. तेवढ्यात त्यांनी माझी दोन बोटं धरली. सोडली. पुन्हा धरली.

या आजारात स्नायू आपोआप फुरफुरतात. मला वाटलं तेच असेल. नीट बघावं म्हणून चादर बाजूला केली, तर बोटं गप्प. निपचित. चादर टाकली, पुन्हा काम सुरू केलं, की परत पकड. या वेळी तीन बोटं. चादर काढली, की बंद.

फुरफुरणाऱ्या स्नायूला चादर असली काय आणि नसली काय!

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. टक लावून. हा माणूस मला काहीतरी सांगत होता आणि मला ढिम्म कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बैठक होती.

बाहेर व्हरांड्यात त्यांची बायको रशीदाभाभी आणि मोठे भाऊ गफूरभाई बसले होते. भाभी भिंतीला टेकलेल्या. गफूरभाईंच्या खांद्यावर चौकड्यांचा मोठा रुमाल. दोघे भाऊ आयुष्यभर एकाच बाजारात उभे राहिलेले.

“भाभी, त्यांनी मशीन नको असं कधी म्हटलं होतं?”

“लई येळा म्हनले. बोलता येत हुतं तवा.” त्यांनी डोळे पुसले. “म्हनायचे, पोरीचं लगीन ठरलंय. घरात असा मानूस पडलेला बघून सोयरे मागं सरतील. माज्यापायी घर बसायला नको.”

“आन् आजबी डाक्टरांम्होरं हो म्हनला,” गफूरभाई म्हणाले. “आमच्यात जीव घेनं हराम हाय, मॅडम. म्या मौलानांना इचारलं, डाक्टरांना इचारलं. मशीन काढनं म्हंजी जीव घेनं न्हाई, असं समदे म्हनत्यात. मला काय त्यातलं कळत न्हाई. पन त्याचा शब्द हाय. सगळ्यांम्होरं दिलेला.”

ते दुसऱ्यांदा कानावर पडलं. सगळ्यांसमोर. आणि माझं लक्ष त्यांच्या रुमालाकडे गेलं.

मी त्यांच्याच नेवासा तालुक्यातली. लहानपणी वडिलांबरोबर घोडेगावच्या बाजाराला गेले आहे. बैल विकायचा होता. वडील आणि दलाल एकमेकांसमोर उभे, दोघांचे हात रुमालाखाली, दोघांची तोंडं बंद. नुसती बोटं दाबायची. कोण किती म्हणालं, शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. मी विचारलं, तेव्हा वडील म्हणाले होते, गप बस, सौदा चाललाय.

“गफूरभाई, तुम्ही बाजारात भाव सगळ्यांसमोर सांगता का हो?”

एवढ्या दुःखातही त्यांना हसू आलं. “काय तरीच इचारता! सगळ्यांम्होरं बोलायचं ते लोकांना ऐकवायला. खरा भाव ह्याच्याखाली.” आणि त्यांनी सवयीने रुमाल उचलला.

उचललेला हात तसाच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “त्यानं तुमची बोटं धरली का काय?”

“धरली. चादरीखाली.”

त्यांनी रुमाल काढून माझ्या हातात दिला. “मी येत न्हाई आत. मी असलो तर त्यो माज्या तोंडाकडं बघंल.”

कुलथे राऊंड घेत होते. मी खट् खट् करत त्यांच्यामागे गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

“मॅडम, हे आयसीयू आहे. जनावरांचा बाजार नाही.”

“मला दिसतंय. पण ते बाजारातले आहेत. आयुष्यभर खरं उत्तर ज्या जागी दिलं, त्या जागी विचारा.”

“आणि तुम्हाला जे ऐकायचंय तेच तुम्ही बोटांत वाचलंत तर?”

ही भीती मला दुपारपासून कुरतडत होती. “म्हणून तर मी हात घालत नाही,” मी म्हटलं. “तुम्ही घाला. सही तुमची आहे. ते जायचंय म्हणाले, तर मी एक अक्षर बोलणार नाही. उद्या स्वतः त्यांच्या उशाशी बसेन.”

कुलथ्यांनी हातातली फाइल सिस्टरकडे दिली. मग म्हणाले, “चला.”

आम्ही कॉटभोवतीचे पडदे ओढले. सिस्टरना बाहेर थांबायला सांगितलं. मी रुमाल मुनीरभाईंच्या उजव्या हातावर पसरला. त्यांनी तो पाहिला. भावाचा रुमाल त्यांनी ओळखला असणार, कारण मॉनिटरवरचे ठोके एकदम वाढले.

“भाईजान,” मी म्हटलं, “घरचं कुणी नाही इथे. डॉक्टर आहेत आणि मी. इथलं उत्तर तुम्ही सांगाल त्यालाच कळेल. हो असेल तर डॉक्टरांचा पंजा धरा. नाही असेल तर एकच बोट.”

कुलथ्यांनी रुमालाखाली हात घातला. मला त्यांचं फक्त तोंड दिसत होतं.

“मुनीरभाई, मशीन काढायचं?”

मशीनचा फुस् फुस् आवाज.

“एक बोट,” कुलथे म्हणाले.

मला रडू येईल असं वाटलं, पण डॉक्टर खरोखर हुशार. ते म्हणाले, “थांबा. आता उलटं करू. हो असेल तर एक बोट, नाही असेल तर पंजा. मशीन काढायचं?”

रुमाल किंचित हलला. कुलथ्यांनी ओठ दाबले. “पंजा.”

त्यांनी आणखी एकदा विचारलं, शब्द बदलून. गळ्यातून नळी घातली तर आयुष्यभर राहील, बोलता येणार नाही, आजार वाढतच जाईल, उद्या बोटंही जातील, काही म्हणजे काही लपवलं नाही. इतकं स्पष्ट सांगताना मी फार थोड्या डॉक्टरांना ऐकलं आहे. तरी तेच उत्तर. जगायचंय.

“मग सकाळी डोळे का मिटलेत?” कुलथ्यांचा आवाज चढला. “घरच्यांसाठी?”

कुलथ्यांनी मान खाली घातली. मला उत्तर विचारावं लागलं नाही. मुनीरभाईंच्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांच्याकडे हात नव्हता. मी पुसलं.

“हे बघा,” कुलथे खालच्या आवाजात म्हणाले, “नळी घालतो. पण मी खोटी आशा दाखवणार नाही. नीट सांभाळलं तर एखादं वर्ष...” ते बोलता बोलता थांबले. भुवया वर गेल्या. “मॅडम, हे काय करताहेत? बोटं मोजून धरताहेत. पाच.”

हसू दाबायला मी तोंडावर हात ठेवला. “पाच मागताहेत, डॉक्टर.”

“काय पाच?”

“वर्षं. तुम्ही एक म्हणालात ना.”

कुलथ्यांना घाम फुटला. “अहो, पाच माझ्याकडे नाहीत हो, मुनीरभाई!”

रुमाल हलला. “चार,” कुलथे म्हणाले. मग, “तीन. मॅडम, हे हात सोडत नाहीत.”

“सौदा ठरेपर्यंत सोडत नसतात.”

एमडी झालेला तो माणूस रुमालाखाली हात अडकवून लहान पोरासारखा माझ्याकडे बघत होता. मग त्याने मुनीरभाईंकडे पाहिलं. “दोन,” तो म्हणाला. “वचन नाही. पण दोनासाठी मी जिवाचं रान करीन.”

मुनीरभाईंनी हात सोडला. त्यांच्या डोळ्यांत ते थापट्यांच्या वेळचं हसू आलं होतं.

बैठक रद्द झाली. इथपर्यंत सगळं गोड. खरी परीक्षा बाहेर व्हरांड्यात होती.

रशीदाभाभींना आधी आनंद झाला, आणि लगेच त्या भडकल्या. “मला का न्हाई सांगितलं? एवढी वर्सं संसार केला मी. मी काय परकी हुते?” त्या हुंदके देत राहिल्या. गफूरभाई म्हणाले, “अगं, तुला सांगितलं असतं तर तू ‘न्हाई’ म्हनली असतीस का? म्हनून न्हाई सांगितलं.” मग ते माझ्याकडे वळले. “मॅडम, जगायचं तर ठरलं. आता जगवायचं कसं, ते सांगा.”

हाच प्रश्न खरा. मरणाचा हक्क असावा की नसावा, यावर लोक टीव्हीवर तावातावाने भांडतात. घरी मशीन चालू असताना लाइट गेली तर काय करायचं, यावर कुणी भांडत नाही. आमच्या दिव्यांग मंडळाच्या बैठकीत मी हे बोलले, तेव्हा एकजण म्हणाला, ताई, मरायला मदत करायला सगळे तयार असतात, संडासला न्यायला कुणी नसतं. कडू आहे, पण खोटं नाही.

गळ्यातून नळी घातली. मी भाभींना सक्शन शिकवलं. पहिल्या वेळी नळी त्यांच्या हातून खाली पडली. “माज्यानं न्हाई व्हायचं,” म्हणाल्या. “न्हाई कसं? म्हशीची धार काढता ना? मग हेही जमेल,” मी दटावलं. जमलं. इन्व्हर्टर बसवला. तो बंद पडला तर हाताने दाबायचा फुगा असतो, तो गफूरभाई शिकले. मुलीच्या सोयऱ्यांना घरी बोलावून खरी परिस्थिती सांगितली. ते मागे सरले नाहीत. लग्न घरासमोरच्या मांडवात झालं आणि मुनीरभाई मशीनसकट पहिल्या रांगेत होते.

सगळं आलबेल आहे असं समजू नका. दोनदा न्यूमोनिया झाला. दोन्ही वेळा मी आणि कुलथे देव पाण्यात घालून बसलो होतो. भाभींची पाठ गेली आहे. एकदा त्या मला म्हणाल्या, “कदी कदी वाटतं, त्या दिशी तुमी रुमाल टाकलाच नसता तर.” आणि लगेच स्वतःच्या गालावर मारून घेतलं. मी त्यांना जवळ घेतलं. त्यांना मदतीला बाई हवी आहे. कुठल्याच योजनेतून ती मिळत नाही. मी खेटे घालते आहे.

पण बाजाराच्या दिवशी त्यांच्या पडवीत या. विकणारा एका बाजूला बसतो, घेणारा दुसऱ्या. मुनीरभाई मध्ये. आधी याचा हात रुमालाखाली, मग त्याचा. मशीन फुस् फुस् करत असतं आणि सौदा ठरतो. लोक म्हणतात, आता त्यांच्यासारखा दलाल नाही, कुणाचा भाव कुणाला बोलून दाखवायची सोयच नाही.

या प्रकरणातून कुलथे एक गोष्ट शिकले. रुग्णाला काही मोठं विचारायचं असलं, की आधी खोली रिकामी करतात. नातेवाईक कितीही प्रेमाचे असोत. मी त्यांना म्हटलं, हे आधीच शिकायला हवं होतं. ते म्हणाले, कॉलेजात बाजाराचा पेपर नव्हता.

परवा घोडेगावला गेले होते. मुनीरभाईंच्या उजव्या हातातली ताकद आता संपत आली आहे. मी डोळ्यांनी अक्षरं दाखवायची पाटी नेली होती, तिचा सराव सुरू केला. मुनीरभाईंनी कंटाळून डोळे फिरवले आणि रुमालाकडे पाहिलं. मी त्यांच्या हातावर रुमाल टाकला, खाली हात घातला. बराच वेळ काही नाही. मग माझं एक बोट हलकेच दाबलं गेलं.

दोनाची मुदत भरत आली होती. आणखी एक हवं होतं.

“ते माझ्या हातात नाही, भाईजान,” मी म्हटलं. “डॉक्टरांना विचारते.”

त्यांनी बोट सोडलं नाही.